डावं वळण

अलमेलूला मोटार चालवता आली तर नरसिंहाच्या पदरात काय काय पडणार होतं, याची मोजदाद तिनं तो अमेरिकेहून रजेवर आला त्याच आठवड्यात करून ठेवली होती. तिथल्या लोकांपुढं बायको पांगळी दिसणार नाही, हे एक. बाजारहाट तिच्या गळ्यात घालून मोकळं होता येईल, हे दुसरं. आणि कुंभकोणम्च्या चार घरी सांगता येईल की आमची तिकडं स्वतः गाडी हाकते, हे तिसरं. माणूस किती का लांब गेला, तरी मिरवायला त्याला आपलीच वीथी, आपलीच आळी लागते. एवढं जमेला धरून ती स्वस्थ बसली होती. एक बाब तिच्या नजरेतून निसटली होती आणि नेमकी तीच सगळ्यांत मोठी होती. ती सापडली एकविसाव्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, नरसिंह पायांवर पंचा ओढून घोरत असताना, एका इंग्रजी पुस्तिकेच्या सव्विसाव्या पानाच्या कडेला.

तो तिकडच्या सरकारनं मोटार चालवणाऱ्यांसाठी छापलेला पन्नासेक पानांचा नियमांचा संग्रह होता. रोज सकाळी नरसिंह तो हातात धरून तिच्या शेजारच्या आसनावर बसायचा आणि पुराण सांगायच्या थाटात एकेक कलम वाचून त्याचा अर्थ सांगायचा. पादचाऱ्यास वाट द्यावी. शाळेपुढं वेग कमी करावा. अलमेलू एस.एस.एल.सी. झालेली होती, तिला इंग्रजी सरळ वाचता येत होतं. पण पुस्तिका तिच्या हाती द्यायची नाही, हा त्याचा नेम. मंत्र गुरूच्या तोंडूनच यायला हवा. त्या दुपारी त्याचा कोट खुंटीला लावताना ती खिशातून खाली पडली आणि पडताना आपल्या आवडीच्या पानावर उघडली. बाकीची पानं कोरी करकरीत होती. हे एकच पान अंगठ्यानं चोळून चोळून तपकिरी झालं होतं, जत्रेतल्या देवाच्या पायासारखं. वर मथळा होता, डावीकडे वळणे. खाली चौकाचं चित्र, बाण, समोरून येणाऱ्या गाडीचा ठिपका. आणि समासात शिसपेन्सिलीनं, बारीक, घाईच्या मोडीत चार ओळी.

मोडी. अमेरिकेत मोडी कोण वाचणार? खोलीची मालकीण नाही, कारखान्यातला साहेब नाही. माणसानं स्वतःची लाज लिहून ठेवावी आणि कुलूप लावायची गरज पडू नये, याहून चांगली सोय काय. नरसिंहाला मोडी त्याच्या बापानं शिकवली होती. ते कोर्टात इनामांचे जुने कागद सांभाळायचे. तंजावरच्या राज्याबरोबर आलेल्या आपल्या मराठी घरांत तेवढी एक विद्या आता उरलीय, असं ते म्हणायचे. पण हाच संग्रह खिशात घालून आपण ज्या घरी निघालोय तिथं काय आहे, याचा नरसिंहाला विसर पडला. विसर तरी कसा म्हणायचा. मुळात ठाऊक असायला विचारावं लागतं. अलमेलूचे वडील जानकीराम यांनी तीस वर्षं तंजावरला मोडी कागदांच्या नकला केल्या. शेवटी त्यांची नजर अधू झाली, तेव्हा दहा वर्षांची अलमेलू मांडी घालून शेजारी बसायची आणि मोठ्यानं वाचायची, आणि ते लिहायचे. दीडशे वर्षांमागं मेलेल्या कारकुनांची वळणं तिला माणसांच्या चेहऱ्यांसारखी ओळखू यायची: हा कंटाळलेला, हा भ्यालेला, हा काहीतरी दडवतोय. एका सुरात, कुठंही न अडखळता वाचायचं, हे वडिलांनी शिकवलं होतं. अर्थात गुंतलीस तर ओळ चुकेल, म्हणायचे.

ती त्याच सुरात मनात वाचू लागली. तीन नोवेंबर चोपन्न. डावें वळण. नापास. अठरा मे पंचावन्न. डावें वळण. नापास. नऊ सप्टेंबर पंचावन्न. तेंच. नापास. आणि त्याखाली एक रेघ सोडून चौथी ओळ: अलमेलूस आणणें. शिकवणें.

पहिल्यांदा तिला हसू आलं. 'तेंच' या शब्दावर. तिसऱ्या खेपेला वळणाचं नावही लिहवेना त्याला. मग तिनं पुस्तिका मिटून कोटाच्या खिशात ठेवली, होती तशी, आणि माजघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर कोणीतरी कॉफीच्या बिया भाजत होतं, तो करपट वास आत आला, आणि त्या वासाबरोबर सप्टेंबरातलं पत्र. सतरा सप्टेंबर. सात वर्षांत दिवाळीला एक, संक्रांतीला एक, अशी त्याची पत्रं यायची, आणि त्यांत तिच्यासाठी शेवटची ओळ असायची, 'चि. अलमेलूस आशीर्वाद', बैल-गुरांची खुशाली विचारावी तशी. सतरा सप्टेंबरचं पत्र मात्र तिच्या नावानं आलं होतं. आता तुला इकडं आणावं असं फार वाटू लागलं आहे, असं त्यात होतं. ते पत्र तिनं उशीखाली ठेवलं होतं. दिवस मोजून नव्हे, नुसतं; सकाळी उठल्यावर हात तिथं जायचा. आज तिनं दिवस मोजले. नऊ ते सतरा, आठ. आठ दिवसांत त्याला फार वाटू लागलं होतं.

सात वर्षांमागं, सतराव्या वर्षी, ती या घरात आली. दोन महिन्यांनी तो रबराच्या रसायनाचं शिकायला गेला आणि शिकून तिथल्याच कारखान्यात लागला. मग अलमेलूला या वीथीत एक हुद्दा मिळाला: वाट पाहणारी. हुद्दा मोठा मानाचा. लग्नाकार्यात पुढं बसवतात, पण ओटी भरताना हात जरा थांबतो. नळावर, देवळात, भाजीवालीपाशी एकच प्रश्न, पत्र आलं का. मामंजी गेले तेव्हा तारेला उत्तर आलं की रजा मिळत नाही. तेरा दिवसांचा स्वयंपाक तिनं केला. एकादशीला सासूबाई गोविंदपुरम्ला अधिष्ठानापुढच्या, म्हणजे समाधीपुढच्या भजनाला जायच्या आणि येताना आठ-दहा टाळकरी जेवायला आणायच्या. त्यांची पानं तिनं वाढली. तिला अमेरिका बघायची होती असं नव्हे. तिला अशा एखाद्या खोलीत बसायचं होतं जिथं पत्र आलं का असं कोणी विचारत नाही. त्यासाठी बोटीचं एक तिकीट लागत होतं, आणि ते तिकीट नरसिंहानं आल्या दिवशीच एका अटीच्या खुंटीला टांगून ठेवलं होतं. "सहा आठवड्यांची रजा आहे," तो म्हणाला होता, "चौथ्या आठवड्यात मी तुझी परीक्षा घेईन. गाडी चालवता आली तर या खेपेस नेईन. नाहीतर पुढल्या रजेस." पुढली रजा तीन वर्षांनी. सासूबाईंनी ते ऐकून तांदूळ निवडणं थांबवलं नव्हतं. त्यांचं गणित साधं होतं: सून नापास झाली तर घरात राहते.

म्हणून ती एकवीस दिवस नापास होण्याला भीत आली होती. त्यानं जे जे सांगितलं ते केलं. नऊवारी सोडून सहावारी नेसली. केळीचं पान बाजूला सारून बशीत काट्यानं इडली खाल्ली, काट्याच्या दातांतून सांबार गळायचं आणि सासूबाई भिंतीकडं बघून म्हणायच्या, "जेवतीय की मासोळी धरतीय." कोणी काहीही दिलं तरी थँक यू म्हणायला शिकली, आणि एकदा सवयीनं देवळात तीर्थ देणाऱ्या भट्टाचार्यांना म्हणाली. त्यानं तिला अल्मा म्हणायला सुरुवात केली, तिथल्या जिभेला सोपं म्हणून, तेव्हाही ती ओ देऊ लागली. मद्रासहून आणलेले बूट तिच्या पायाला एक बोट मोठे होते. क्लच दाबताना जोडवी आतल्या आत घासायची आणि बोटांवर फोड उठायचा. दाबणं हे तिच्यासाठी नवं नव्हतं. फक्त आता त्याला गिअर बदलायची जोड मिळाली होती.

गाडी कापडाच्या व्यापारातल्या एका मुदलियारांची, जुनी काळी ऑस्टिन. नरसिंहाचे वडील त्यांचे कागद बघायचे, त्या भिडेखातर सकाळचे दोन तास ती मिळायची आणि तिच्याबरोबर ड्रायव्हर स्वामीनाथ मिळायचा. स्वामीनाथ साठीचा, कपाळावर विभूती, तोंडात पान. खरं शिकवलं त्यानंच. जागाही त्यानंच ठरवली: देवळाभोवतीच्या चार रथवीथ्या. रथ जातो तिथं ऑस्टिन का जाणार नाही. रुंद रस्ता, सकाळी मोकळा, आणि मुख्य म्हणजे चुकलं तर देव जवळ. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात, म्हणून नरसिंह तिला उजवीकडं, देवळाच्या भिंतीच्या अंगानंच चालायला लावायचा. सकाळी त्या भिंतीकडेनं जो तो प्रदक्षिणेच्याच दिशेनं चालत असतो, देव उजव्या हाताला ठेवून, त्यामुळं समोरून कोणी यायचा प्रश्नच नव्हता. पूर्व वीथी, उजवीकडं वळायचं, दक्षिण वीथी, उजवीकडं, पश्चिम, उजवीकडं, उत्तर, उजवीकडं. एकवीस दिवसांत अलमेलूनं हजारभर वळणं घेतली असतील आणि त्यांतलं एकही डावं नव्हतं. देवळाला डाव्या हाताला ठेवून फिरतात हे तिच्याही मनात आलं नाही, स्वामीनाथच्याही नाही. पाणी खालून वर का वाहत नाही, असं कोणी विचारतं का.

सहाव्या दिवशी सासूबाई मागच्या आसनावर येऊन बसल्या. रुक्मिणीबाईंचे गुडघे धरले होते, रोजची प्रदक्षिणा सुटली होती. "गाडी फिरतेच आहे, तर मी बैसते. तिला शिकणं जालं, मला पुण्य जालं," त्या म्हणाल्या. पुण्याच्या कोणी त्यांचं बोलणं ऐकलं असतं तर बखर वाचताहेत म्हणाला असता. आठव्या दिवशी समोरच्या घरातल्या धनलक्ष्मी मामी फुलांची परडी घेऊन आल्या. मामी तमिळ, त्यांना मराठी येत नाही असं त्या सांगायच्या, पण या घरातलं कुठलंही भांडण त्यांना कधी पुन्हा समजावून सांगावं लागलं नव्हतं. गिअर खरखरला की दोघी मागून विठ्ठलाचं नि मुरुगनचं नाव एकदम घ्यायच्या. नरसिंह चिडायचा. "आई, ही देवळाची पालखी नव्हे." त्यावर रुक्मिणीबाई: "मग तू भोई कशाला जालास? पालखीपुढं कागद वाचीत चालतोस तो."

आणि एकदा, बाराव्या दिवशी, नरसिंह पान आणायला उतरला असताना, स्वामीनाथ खिडकीशी वाकून हळूच म्हणाला होता, "अम्मा, अय्या कधी स्टिअरिंगला हात लावत नाहीत."

"तिकडं स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं," ती म्हणाली होती. नवऱ्यानं सांगितलं होतं तेच. "इकडच्या गाडीची त्यांना सवय नाही."

"असेल," स्वामीनाथ म्हणाला. "पण क्लच दोन्हीकडं डाव्याच पायाला ना, अम्मा? पाय तर बदलत नाहीत."

तेव्हा तिनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं होतं. आता माजघराच्या दाराशी उभ्या उभ्या तिला नरसिंहाचे पाय आठवले. शेजारच्या आसनावरचे, तपकिरी बुटांतले. समोर गाय आली, सायकल आली, की तो उजवा पाय पुढं फेकायचा, तिथं ब्रेक नसताना, आणि पाय तसाच ताठ राहायचा. गाय निघून गेली तरी. तिला वाटायचं, आपली काळजी आहे. काळजी होतीच. पण कुणाची, एवढंच तिनं विचारलं नव्हतं. आत घोरणं थांबलं आणि तो म्हणाला, "अल्मा, कॉफी." तिनं दोन डबऱ्यांत, पितळी वाट्यांत, उंचावरून कॉफी ओतली, फेस आणला, नेऊन दिली. त्यानं घोट घेतला नि सांगितलं, "उद्या परीक्षा." "बरं," ती म्हणाली. थँक यू म्हणाली नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

सकाळी सहाला गाडी दाराशी आली तेव्हा तमिळ माशी महिन्याचं, माघ-फाल्गुनातलं पातळ धुकं अजून गोपुराच्या खालच्या मजल्यांवर होतं. अलमेलू नऊवारी नेसली होती. पायांत काही नव्हतं. नरसिंहानं तिच्या पायांकडं पाहिलं, "बूट?" म्हणाला, तोवर ती आत बसली होती. मागं दोघी आधीच बसल्या होत्या.

"आई, आज उतर. आज परीक्षा आहे."

"परीक्षा तिची. मी कशाला उतरू? मी गप बैसते."

"आज उलटं जायचंय. देऊळ डाव्या हाताला. चारही वळणं डावी."

मागून धनलक्ष्मी मामी तमिळमध्ये म्हणाल्या, "या वीथीनं तसं मढंसुद्धा नेत नाहीत."

"नरसिंहा," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "सात वर्षं तिकडं काय खाल्लंस रे?"

"तिकडचा नियम आहे हा. तिकडं उजवं वळण कोणीही घेतं. डावीकडं वळताना समोरची वाहतूक कापून जावं लागतं, खरी परीक्षा तीच. डावं वळण आलं नाही तर नापास. आणि नापास तर तिकीट नाही." हे शेवटचं तो अलमेलूला उद्देशून म्हणाला, पुस्तिका उघडत. उघडावी लागलीच नाही. ती आपण होऊन त्या पानावर आली. पुढं कोपऱ्यावर स्वामीनाथ लाल टॉवेल घेऊन उभा होता. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला घालायचं काम त्याच्याकडं दिलेलं होतं, म्हणजे अर्ध्या तासापुरती रथवीथीची अमेरिका करायची.

अलमेलूनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. धुक्यानं ते ओलसर झालं होतं. "तुम्ही एकदा दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"डावं वळण. एकदा दाखवा. मग मी करते."

"हे स्टिअरिंग उजव्या बाजूला आहे, अल्मा. माझी सवय—"

"क्लच तर दोन्हीकडं डाव्याच पायाला."

त्यानं पुस्तिकेत मान घातली. ती समोर बघत राहिली, काचेवरच्या थेंबांकडं, आणि ज्या सुरात वडिलांना वाचून दाखवायची त्या सुरात, न अडखळता, म्हणाली, "तीन नोवेंबर चोपन्न. अठरा मे पंचावन्न. नऊ सप्टेंबर पंचावन्न. तेंच."

पानावर फिरणारा अंगठा थांबला.

"कोणाच्या तिथी गो या?" मागून रुक्मिणीबाई. "सप्टेंबरांत आपल्याकडं कोणाचं श्राद्ध नाही."

"आपल्याकडच्या नव्हेत, सासूबाई. तिकडच्या."

"तुला मोडी..." नरसिंहानं पुस्तिका मिटली.

"बाबांचे डोळे गेले तेव्हा त्यांचे डोळे मीच होते. तुम्ही कधी विचारलं नाहीत." मग, तितक्याच हळू, "चौथी ओळ वाचू? सासूबाईंनाही ऐकू दे."

"नको," तो म्हणाला.

सात वर्षांत त्यानं तिच्यापाशी मागितलेली ही पहिली गोष्ट. ती देताना तिला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. तोंडाला पितळेची चव आली, कल्हई उडालेल्या भांड्यातलं ताक प्यायल्यासारखी. तो खाली बघत, मागं ऐकू जाऊ नये म्हणून ओठांतल्या ओठांत सांगत होता. कारखाना राहत्या जागेपासून अकरा मैल. बस नाही. बरोबरीचा एकजण रोज आपल्या गाडीतून नेतो, पण तो एप्रिलात दुसऱ्या गावी चाललाय. मग नोकरी जाईल. "समोरून गाडी येते ना," तो म्हणाला, "ती थांबेल की येईल, कळत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. पाय उचलतच नाही, अलमेलू." अल्मा म्हणायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. आणि तिला एकाएकी तो पूर्ण दिसला, चौकाच्या मध्यावर गाडी घालून बसलेला, पाय ताठ. बापाची तार आली तेव्हाही तसाच बसला असेल. सात वर्षं पत्राच्या शेवटच्या ओळीत तसाच बसला होता: समोरून बायको येतेय, थांबेल की येईल, कळत नाही. दुष्टपणा नव्हता तो. दुष्ट माणसाला तिनं चटकन ओलांडलं असतं. हे नुसतं न वळणं होतं, आणि त्याच्या मागं इतकी माणसं खोळंबून राहिली होती.

पण कीव येणं ही तिच्या घरातली जुनी खर्चाची बाब होती आणि ती तिला आज वाढवायची नव्हती. एकवीस दिवस आपण कशाला भ्यालो, हे तिला आठवलं. तिकिटाला. आणि तिकडं अकरा मैलांवर कारखाना होता, आणि त्या अकरा मैलांवर तिच्यावाचून त्याचं पाऊल पडणार नव्हतं. खुंटीवर काय टांगलेलं आहे आणि कोण हात वर करून उभं आहे, ते फक्त तिनं आजवर उलटं पाहिलं होतं.

"तिकीट आज काढायचं," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत नको, दहा वाजता, मी बरोबर येईन. दुसरं, माझं नाव अलमेलू. अल्मा कोण बाई आहे ते मला ठाऊक नाही. तिकडच्या जिभांना वळवू द्या, माझी जीभ काट्यावर इडली खाऊन वळलीच ना. आणि तिसरं. चौथ्यांदा परीक्षेला तुम्ही बसायचं. मी शिकवीन. जन्मभर तुम्हाला कारखान्यात पोचवायला मी येत नाही."

तो मान हलवत राहिला. मग सुटल्यासारखा म्हणाला, "बरं. मग आता नेहमीसारखी सरळ फेरी घे. परीक्षा राहू दे."

"परीक्षा मला हवीय," अलमेलू म्हणाली आणि किल्ली फिरवली.

वीथी रुंद होती. तिनं एका दमात गाडी वळवून तोंड उत्तरेला केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गोपूर तिच्या डाव्या हाताला आलं. दिशाच उलटली. लहानपणापासून अंगात मुरलेली दिशा होती ती. उजवा खांदा आपोआप देवाकडं झुकायचा. आता तो उघडा पडला, पदर सरकल्यासारखा. मागं रुक्मिणीबाई विठ्ठल विठ्ठल म्हणू लागल्या, हळू, चिडून, जणू त्याच्याकडं तक्रार नोंदवताहेत. धनलक्ष्मी मामी म्हणाल्या, मला उतरवा. गाडी थांबली असती तर त्या उतरल्या नसत्या. एवढं पाहायचं सोडून कोण जाईल. कोपरा आला. समोरून विड्याच्या पानांच्या करंड्यांनी लादलेली बैलगाडी येत होती. स्वामीनाथनं टॉवेल हलवून गाडीवानाला अमेरिकेच्या बाजूला घातलं, आणि तो शिव्या देत, पण येतच राहिला. अलमेलूनं क्लच दाबला. अनवाणी तळव्याला लोखंडाची थरथर कळत होती, कुठं धरतंय, कुठं सुटतंय, सगळं. बैल जवळ आले. त्यांच्या शिंगांची पितळी टोकं, ओल्या पानांचा गार वास. शेजारी नरसिंहानं डोळे मिटले होते आणि त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर ताठ झाला होता. थांबेल की येईल? येईल. येणाऱ्याला येऊ द्यायचं आणि गेला की आपण जायचं. यात न कळण्यासारखं काय होतं. ती सात वर्षं हेच करत नव्हती का? फक्त दुसरा अर्धा भाग राहिला होता. शेवटची करंडी खिडकीवरून सरकली. तिनं पाय सैल सोडला आणि गाडी चौक कापून, मऊ, कुठंही न धक्का देता डावीकडं वळली.

उत्तर वीथी. पश्चिम. दक्षिण. चारही वळणं तिनं घेतली. माळा गुंफणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. एका म्हाताऱ्या भट्टाचार्यांनी दोन्ही हात वर करून काहीतरी म्हटलं, ते तिला काचेआडून ऐकू आलं नाही. पुन्हा दारापुढं येऊन तिनं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून पदराच्या टोकाला बांधली.

रुक्मिणीबाई दार उघडून उतरल्या. गाडीचा आधार घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या. "पास जालीस," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, भाताला उकळी आली म्हणावं तसं म्हणाल्या. मग पदर खोचला. "उलटी फेरी जाली ती कोणीतरी सरळ करायला हवी. मी येते चालून."

"तुमचे गुडघे, सासूबाई."

"तू जाशील. हा जाईल. इथं मीच राहणार. मग कोणी चालायचं?"

त्या निघाल्या. उजवा खांदा भिंतीकडं, एक हात भिंतीवर, पाऊल आधी हवेत थांबून मग दगडावर पडत होतं. अलमेलूचा हात दाराच्या मुठीवर गेला. सात वर्षांची सवय. या घरात जे कोणी उसवेल ते शिवायला तीच उठायची. उतरावं, त्यांच्या मागून चालावं, दंडाला धरावं. मूठ अर्धी फिरली. आणि तिनं हात काढून घेतला. घरी राहणाऱ्या बाईनं सगळ्यांचं फेडायची ही जी रीत होती, तिच्यात कालपर्यंत तिचं नाव होतं. ते तिनं आज खोडलं होतं, आणि खोडलेल्या जागी आपसूक त्या म्हातारीचं नाव येऊन बसलं होतं. दुसरं कोणाचं घालायचं राहून गेलं होतं.

"उतरा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी?"

"वळायला तुम्ही सांगितलंत. आईंबरोबर चाला. बूट काढून."

तो तिच्याकडं बघत राहिला. ताठलेला पाय अजून ताठच होता. तिनं घाई केली नाही. हॉर्न वाजवला तर हा माणूस जागीच थिजतो, एवढं तिला कळलं होतं. ती नुसती थांबली. थोड्या वेळानं त्यानं वाकून नाड्या सोडल्या, तपकिरी बूट हातात घेतले आणि खाली उतरला. सात वर्षं बुटांत राहून पांढरे पडलेले तळवे, दगडाचा गारवा लागताच आखडले. कोपऱ्यापाशी त्यानं आईला गाठलं. त्यांनी मान वळवून पाहिलं नाही, पण भिंतीवरचा हात काढून त्याच्या दंडावर ठेवला. धनलक्ष्मी मामी मागच्या आसनावर बसूनच होत्या. "आता काय?" त्यांनी विचारलं, आणि मराठीत विचारलं.

अलमेलूनं पदराची गाठ सोडून पुन्हा किल्ली लावली आणि त्या दोघांच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये, देव उजव्या हाताला ठेवून गाडी सोडली. तिसऱ्या वळणावर तो लंगडू लागला. फोड आला असणार, अंगठ्याच्या बुडाशी, तिथंच येतो. सात वर्षं तिनं भरली होती, म्हातारी इथून पुढची सगळी भरणार होती, आणि त्यानं आजवर एक फेरी. ती मोजत मागून येत होती, आणि त्याची एक फेरी अजून पुरी व्हायची होती.